घळीतली जेवणाची सुट्टी

आमच्या कारखान्यांच्या पट्ट्यात गुरुवार हाच रविवार. तशाच एका गुरुवारी सकाळी निगडीहून मी आणि बाबा माझ्या स्कूटरवर निघालो. बाबा उभा जन्म पिंपरीतल्या एका कंपनीत असेंब्ली लाइनवर होते. निवृत्त झाले, पाठोपाठ आई गेली, आणि तेव्हापासून नुसते खिडकीशी बसून असतात. म्हणून मीच त्यांना अंदर मावळातली एक घळ (दोन कड्यांमधली अरुंद वाट, तळाशी ओढा) दाखवायला बाहेर काढलं.

तळेगाव मागे पडलं, ट्रेलरच्या रांगा संपल्या. परतीच्या पावसाचे दिवस होते, पण आमच्या डोक्यावर आभाळ निळं. शेवटच्या वाडीत एका आजींकडून काकड्या घेतल्या.

"घळीत चाललाय व्हय? जावा की," आजी म्हणाल्या. "पर बसू नका ततं. वर डोंगराव आभाळ भरलंया. हितं ऊन आसलं तरी पानी येतंय."

ते मलाही ठाऊक होतं. बाबांकडून मी वाटेतच घोकून घेतलं होतं: पाणी गढूळ झालं, काटक्या वाहत आल्या, की सामान टाकून वर चढायचं. ओढ्याबरोबर खाली पळायचं नाही. त्यावर बाबांनी "येस मॅडम" म्हणत सलाम ठोकला होता.

घळ फार देखणी. काळा कातळ, घोटाभर गार पाणी. जरा हिंडून परतायचं ठरलं होतं, पण बाबांच्या पोटात अजून कंपनीचा भोंगा वाजतो. जेवणाची सुट्टी म्हणजे सुट्टी! सपाट कातळावर कागद अंथरून आम्ही भाकरी, सुकट आणि काकडी खाल्ली. बाबा कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले, म्हणून मीही उठायची घाई केली नाही. चुकलंच.

पाणी बघता बघता चहाच्या रंगाचं झालं. काटक्या आल्या. वरून घरघर ऐकू येऊ लागली.

"बाबा, वर!"

मी कपार चढले, वळून पाहते तर बाबा कागदाची घडी घालताहेत! जागा साफ केल्याशिवाय शिफ्ट सोडायची नाही, ही त्यांची जन्माची सवय.

"टाका ते!"

"आलो गं. घाण कशी ठेवायची?"

घरघर कानठळ्या बसवू लागली, पाणी त्यांच्या पोटरीला लागलं. मग मी किंचाळले, "लाइन बंद!" कंपनीत ही हाक कुणीही देवो, हातातलं सोडून मागे व्हायचं, कारण विचारायचं नाही. बाबांनी मान वर केली, सगळं टाकलं आणि माझा हात धरला. ते वर आले न आले तोच ओंडके घेऊन लोंढा आला आणि आमचा कातळ दिसेनासा झाला.

ओढ्यात पुन्हा पाय न घालता उतारावरूनच आम्ही वाडी गाठली. आजींनी चहा दिला, त्याआधी पोटभर शिव्या दिल्या.

निगडीला घराखाली स्कूटर लावताना मी ऐटीत म्हटलं, "शेवटी कंपनीची शिस्तच कामाला आली ना?"

"कसली शिस्त? त्या पाण्याच्या आवाजात मला काही ऐकू येत नव्हतं," बाबा म्हणाले. "वर बघितलं तर तू रडत होतीस. आई गेली तेव्हाही अशी रडली नव्हतीस. म्हटलं, पोरीला अजून मी लागतोय."