निळे खांब

मुलगी कॉलेजला जायला लागली आणि मी पुन्हा नोकरी शोधायला लागले. मधली बरीच वर्षं घरात गेली होती, त्यामुळे माझा बायोडाटा बघून लोकांच्या कपाळाला आठ्या पडत. शेवटी जालना रोडवरच्या एका संस्थेत डेटा मांडायला शिकवणारा कोर्स लावला. शेवटच्या शनिवारी चिकलठाण्याच्या एका कंपनीचे साहेब येणार होते आणि आमचे चार्ट बघून एकीला नोकरी देणार होते. ती मला हवी होती, अगदी हट्टाने हवी होती.

वर्गात मीच सगळ्यांत मोठी, म्हणून सगळ्यांची ताई. शनिवारच्या आधी एकमेकींचे चार्ट बघून मत द्यायचं होतं. मॅडमचा नियम असा, की आधी काय दिसतं ते सांगायचं, मग काय वाटतं ते. जिचा चार्ट असेल तिने तोवर तोंड मिटून बसायचं. ते मला जन्मात जमलेलं नाही, पण गरजही पडेना. माझा चार्ट पडद्यावर आला की "ताई, भारी!", "ताई, एक नंबर!" मोठ्या बाईला चूक कशी दाखवायची, हा आमच्याकडचा संकोच. आधी बरं वाटलं, मग डोकंच फिरलं.

"तुम्ही काय माझ्या डोहाळजेवणाला आलात का?" मी म्हणाले. "चुका सांगा. साहेब काही मला ताई म्हणणार नाहीत."

सगळ्या हसल्या. तेवढ्यात मागच्या बाकावरची करमाडची मुलगी उठली. ती रोज बसने ये-जा करून शिकायची, आणि नोकरी तिलाही हवी होती.

माझा चार्ट आमच्या कॉलनीतल्या नळाचा होता. एकदा पाणी येऊन गेलं की पुन्हा येईपर्यंत किती दिवस जातात, त्याचे खांब, दर महिन्याचा एक. विषय पाण्याचा, म्हणून रंग निळा.

"ताई, मला असं दिसतंय," ती म्हणाली, "की उन्हाळ्यात तुमच्याकडं लई पाणी येतं."

मी बोलायला गेले, तर मॅडमनी ओठांवर बोट ठेवलं.

"खांब उंच, रंग निळा. मला तर हौद भरल्यासारखे वाटले. आमच्याकडं विहीर हाय, ताई. किती दिवसांआड, ते आम्ही मोजत नाय."

बाकी आम्ही सगळ्या शहरातल्या. इथे पाणी किती आलं असं कुणी विचारतच नाही, किती दिवसांनी आलं असं विचारतात. उंच खांब म्हणजे कोरडे दिवस, हे आम्हाला न सांगताच कळलं होतं. पण साहेब मूळचे पुण्याचे, रोज नळाला पाणी बघितलेले. मला तिचा रागही आला आणि तिला जवळ घ्यावंसंही वाटलं.

मग तिची पाळी. करमाडहून येणाऱ्या बसला कुठल्या थांब्यावर किती उशीर होतो, ते तिने एकाच गोल चार्टमध्ये कोंबलं होतं.

"मला पंगतीतलं ताट दिसतंय," मी म्हणाले. "काय कुठं वाढलंय, कळत नाही. थांबे रस्त्यानं येतात तसे एका ओळीत घे. उशीर कुठून सुरू होतो, ते आपोआप दिसेल."

ती मान खाली घालून लिहून घेत होती. शेजारची माझ्या कानाशी पुटपुटली, "कशाला सांगताय, ताई? नोकरी एकच हाय."

"मग तिनं मला कशाला सांगितलं?"

शनिवारी माझे खांब मातकट झाले होते आणि वर लिहिलं होतं, 'नळ कोरडा राहिलेले दिवस'. साहेबांना ते एका नजरेत कळलं. त्यांनी मान डोलावली. तिची ओळ पडद्यावर आली तेव्हा मात्र ते खुर्चीत पुढे सरकून बसले.

नोकरी तिला मिळाली. मला फार वाईट वाटलं. घरी येऊन भांडी आपटली, लेकीवर उगाच खेकसले. आपण गप्प बसलो असतो तर, हेही मनात येऊन गेलं.

दिवाळी झाल्यावर तिचा मेसेज आला. मी अजून घरीच होते. मेसेजखाली तिच्या ऑफिसातला एक चार्ट होता.

"ताई, उद्या मोठ्या साहेबांपुढं मांडायचाय. इथं सगळे भारी म्हणतेत. मला भ्या वाटायलंय. तुम्ही बघा ना."

कितीतरी दिवसांत मला कुणी असं काम सांगितलं नव्हतं. मी मळत असलेली कणीक तशीच झाकून ठेवली, हात धुतले, चष्मा लावला आणि लिहिलं, "आधी काय दिसतंय ते सांगते."