डाळिंबी पैठणी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आणि लेकीला तर नाहीच — तिच्याच लग्नातल्या साडीची गोष्ट असूनही. पण आता थकले हो. लपवायचाही कंटाळा येतो.

आमच्या विषयाची परिषद दरवर्षी वेगळ्या गावात भरते. त्या वर्षी नाशिकला होती. सोलापूरहून मी आणि सुनंदा बरोबर गेलो, गेस्ट हाउसला दोघींत एक खोली घेतली. सुनंदा आमच्याच कॉलेजात, पण तासिका तत्त्वावर — यंदा तास मिळाले, पुढच्या वर्षी मिळतील की नाही देव जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला पेपर वाचायचा होता. ज्यांच्या शब्दावर तिची कायमची नोकरी ठरणार होती, ते ज्येष्ठ प्राध्यापक समोर बसणार होते. आणि सत्राची अध्यक्ष कोण? मी. "मॅडम, तुम्ही समोर असलात की मला धीर येतो," हे तिनं गाडीत कितीदा म्हटलं असेल!

परिषदेला माणसं कशी जातात, ठाऊक आहे ना? झोळी घ्यायची, सही ठोकायची, जेवायचं आणि गाव बघायचं. अख्खी नोकरी मी तेच केलं. त्या सकाळी नाश्त्याला परगावच्या कॉलेजांतल्या बायकांचं ठरलं — येवल्याला जाऊ, पैठण्या बघू. गाडी दारात, एक जागा रिकामी. लेकीचं लग्न तोंडावर आलेलं. मी आयोजकांना फोन केला — बीपी एकदम उतरलंय, खोलीवर पडून आहे, अध्यक्ष म्हणून दुसरं कुणी बसवा. आणि फोन बंद करून टाकला.

डाळिंबी रंग, पदरावर मोर. दुकानदार घड्या उलगडत होता, आम्ही खिदळत होतो. सुनंदा आता वाचत असेल, असं एकदा मनात आलं. एकदाच. आता खोटं कशाला बोलू?

ती वाचत नव्हती. मला बरं नाही हे कानावर पडलं तशी ती सभागृहातून उठली — तिचं नाव पुकारायच्या आधीच. खोलीला कुलूप. माझा फोन बंद. तिला वाटलं, मला दवाखान्यात हलवलं. मग रिक्षा करून, त्या अनोळखी शहरात, ती एकेक दवाखाना पालथा घालत राहिली. सगळीकडे माझंच नाव विचारत.

संध्याकाळी मी परतले, तर ती पायरीवर बसलेली. पैठणी झोळीत, परिषदेच्या फायलीखाली. मी सांगितलं, नात्यातले डॉक्टर घरी घेऊन गेले, सलाइन लावलं. ती ओक्साबोक्शी रडायला लागली. "तुम्ही बऱ्या आहात ना, बास! पेपराचं काय मेलं!" नंतर मला झोपवून तिनं माझे पाय चेपले. आणि मी — मी चेपू दिले.

ती नोकरी दुसऱ्याच कुणाला मिळाली. सुनंदा अजून तासिकेवरच आहे, केस पिकले तरी.

लग्नात तिनं लेकीचा पदर हौसेनं हातात घेतला. "येवल्याची ना, मॅडम? कधी गेला होतात?" मी म्हटलं, भावानं पाठवली.

स्टाफरूममध्ये नाशिकचा विषय निघाला की ती अजूनही नव्या मुलींना सांगते — आमच्या मॅडम तिथं केवढ्या दुखण्यातून उठल्या, बाई! मी शेजारीच बसलेली असते. मी मान डोलावते.