वरच्या काकांची रंगीत तालीम

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी आयुष्यात कुठलीही गोष्ट पहिल्यांदा म्हणून केलेली नाही. जे केलं ते दुसऱ्यांदा. लग्नाच्या आदल्या दिवशी घरातल्या टेबलावर स्टूल ठेवून त्या स्टुलाला हार घालून पाहिला होता, जर्मनीला यायच्या आठवडाभर आधी सगळ्या बॅगांसकट पुण्याहून मुंबईच्या विमानतळापर्यंत जाऊन परत आले होते, आणि जन्माचं विचाराल तर कळा येतायत म्हणून त्यांच्या आईला दोनदा दवाखान्यात नेऊन परत आणलं होतं. म्हणजे तिथेही तालीम झालेलीच होती, हे ते स्वतःच अभिमानाने सांगत. तालीम हा त्यांचाच शब्द. एर्लांगेनमधल्या एका कंपनीत दवाखान्यांची यंत्रं तपासण्यात त्यांची बावीस वर्षं गेली. तिथे तपासून झालेल्या यंत्रावर ‘गेप्र्युफ्ट’, म्हणजे तपासलेलं, असा स्टिकर लावतात. हा शब्द त्यांच्या जिभेवर असा काही बसला होता, की काकूंनी आमटीची चव घ्यायला चमचा पुढे केला तरी ते चव घेऊन ‘गेप्र्युफ्ट’ एवढंच म्हणत. आमटी छान झालीय की नाही, ते काकूंना बावीस वर्षं कळलं नाही.

मी पीएचडी करायला इथे आलो आणि त्यांच्या खालच्या खोलीत राहायला लागलो, तेव्हा माझ्या आयुष्यातली जर्मनीतली पहिली तालीम आठवड्याच्या आत झाली. व्हिसा वाढवायला आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परदेशी लोकांच्या सरकारी कचेरीत, जायचं होतं. काका आदल्या दिवशी बरोबर त्याच वेळेची बस पकडून मला तिथे घेऊन गेले, बाहेरच्या बाकावर बसवलं, आणि स्वतः अधिकारी होऊन मला जर्मनमधून प्रश्न विचारू लागले. माझ्या एका उत्तरावर ते इतके नाराज झाले की त्यांनी मला व्हिसा नाकारला. दुसऱ्या दिवशी दारावरच्या माणसाने आम्हा दोघांना ओळखलं आणि आज खरं काम आहे का, अशी चौकशी केली. खऱ्या अधिकारी बाईंनी मला एकही प्रश्न न विचारता शिक्का मारला, याचं काकांना फार वाईट वाटलं. पुढे दोन दिवस ते ‘आल्झो, म्हणजे काय, व्यवस्था ढिली पडत चाललीय’ असं पुटपुटत होते.

या सगळ्याची नोंद एका निळ्या वहीत व्हायची. त्यात चार रकाने: तारीख, काय, तपासणी, निकाल. गणपतीच्या आधी पंधरा दिवस मोदकांची तालीम होई आणि तिला मी कधीच हरकत घेतली नाही. विसर्जनाची तालीम बादलीत होई, गणपतीच्या वजनाचा फ्लॉवरचा गड्डा घेऊन, आणि आरती मात्र खरी म्हणावी लागे. मुलगी नोकरीसाठी दूरच्या गावी निघाली तेव्हा स्टेशनवर रडू येऊ नये, म्हणून काकांनी आठवडाभर रोज संध्याकाळी तिची बॅग स्टेशनवर नेऊन परत आणली. आठव्या दिवशी ते असे काही रडले की मुलगीच अर्धा तास त्यांना समजावत बसली आणि तिची गाडी चुकली. वहीत त्या दिवशीच्या निकालाच्या रकान्यात ‘नापास’ असं लिहिलेलं मी स्वतः पाहिलं आहे.

अशा माणसाने आयुष्यात एकदाच न तपासता बोलावं आणि नेमकं तेच अंगाशी यावं, हे नशीब. मे महिन्यातली गोष्ट. रात्री पाणी प्यायला उठलेल्या काकूंना स्वयंपाकघराच्या खिडकीतून आकाश गुलाबी दिसलं. त्यांनी काकांना हलवून उठवलं. आमच्या गावाच्या एका बाजूला भाजी पिकवणारी काचघरं आहेत, त्यांच्या दिव्यांनी कधीकधी आकाश गुलाबी दिसतं. काका कूस बदलत म्हणाले, ‘अगं, काचघरांचे दिवे आहेत ते. झोप.’ काकू झोपल्या. सकाळी मराठी मंडळाच्या ग्रुपवर फोटोच फोटो. नॉर्दर्न लाइट्स, ते उत्तरेच्या आकाशातले रंगीत दिवे, अख्ख्या जर्मनीत दिसले होते, लोक गच्चीवर गेले होते, शेतात गेले होते, कुणी तर पोरांना दुलईत गुंडाळून बाहेर आणलं होतं. मी वर गेलो तेव्हा काका होकायंत्र घेऊन स्वयंपाकघरात उभे होते. खिडकी उत्तरेला होती. काचघरं दक्षिणेला आहेत.

काकू भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. ग्रुपवर त्यांनी प्रत्येकाच्या फोटोला हात जोडले आणि पोहे करायला घेतले. त्यानंतर त्या घरात त्या रात्रीचा विषय कधी निघाला नाही आणि काका त्यानेच खंगत गेले. रात्री दोनदोनदा उठून खिडकीपाशी जायचे. मला एकदा जिन्यात थांबवून म्हणाले, ‘बावीस वर्षांपूर्वी माझ्यामागून या देशात आली रे ती. काही मागितलं नाही. एकदा काहीतरी दाखवायला उठवलं, तर मी झोप म्हटलं.’ निवृत्तीला वर्ष राहिलं होतं, मग दोघं कायमची पुण्याला परतणार होती. त्याच्या आत काकूंना ते दिवे दाखवायचेच, असं त्यांनी ठरवलं.

बाल्टिक समुद्रावरच्या एका लहानशा बंदरातून संध्याकाळी बोट निघते, किनाऱ्यावरच्या उजेडापासून दूर अंधारात नेऊन उभी करते आणि दिवे दिसले तर दाखवते. दिसतीलच याची हमी नाही, असं तिकिटावर लिहिलं होतं. काकांनी त्या ओळीखाली लाल रेघ मारली. मग तयारी सुरू झाली. बोट लागते की नाही हे तपासायला ते मला घेऊन कोपऱ्यावरच्या मुलांच्या बागेत गेले आणि आम्ही दोघं सी-सॉवर समोरासमोर बसून वीस मिनिटं वरखाली झालो. एक बाई आपल्या दोन लहान मुलींना घेऊन शिस्तीत आमच्यामागे रांगेत उभी होती. काका वर गेले की तिला ‘नोख त्सेन मिनुटेन’, अजून दहा मिनिटं, असं सांगत. काकूंनी मात्र सी-सॉवर बसायला साफ नकार दिला. त्यांचं माहेर वेंगुर्ल्याचं, वडील बंदरावर कारकून. ‘मी तरीच्या होडीतून शाळेत गेलेली बाई आहे,’ त्या म्हणाल्या, ‘मला नका तपासू.’

बोटीची खरी तालीम फेब्रुवारीत झाली. काकूंना कंपनीचं काम असं सांगून काका मला घेऊन निघाले. तीच गाडी, तेच बंदर, तीच बोट, बसायची जागासुद्धा तीच ठरवून. किनारा सुटला, कप्तानाने इंजिन बंद केलं, आणि दहा मिनिटांत उत्तरेला आकाश हिरवं व्हायला लागलं. मी काही फार भाविक नाही, पण माझे हात आपोआप जोडले गेले. मी काकांना दाखवायला वळलो तर काका पाठ फिरवून बसलेले. टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, तोंड दक्षिणेला. तिकडे लांबवर क्षितिजाशी ढगांवर पिवळसर उजेड होता. कप्तानाने आधीच सांगितलं होतं की ते मोठ्या फेरीबोटींच्या बंदराचे दिवे आहेत, नवे लोक दर वेळी त्याला फसतात. काका तासभर त्या फेरीबंदराकडे बघत बसले. मी म्हटलं, काका, एकदा तरी मागे बघा, पुन्हा दिसतील न दिसतील. ते म्हणाले, ‘तिच्याआधी मी बघणार नाही.’ वर मला शपथ घातली की ही गोष्ट काकूंना सांगायची नाही.

मार्चमध्ये आम्ही तिघं गेलो. दुपारपर्यंत आकाश स्वच्छ होतं. काका गाडीत शीळ घालत होते, जे मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. बोट सुटायला अर्धा तास असताना उत्तरेकडून ढग आले आणि आपल्याच घरी आल्यासारखे पसरले. तरी बोट निघाली. कप्तानाने आम्हाला ओळखून मान हलवली. काकूंनी तीन स्वेटर, वर काकांचा रेनकोट आणि पायात माझे बूट घातले होते आणि इतक्या लाटांत त्या कठडा न धरता उभ्या होत्या. काका मात्र सी-सॉवर पास होऊनही बादली मांडीवर घेऊन बसले होते. पाऊण तास गेला. उत्तरेला काळ्याशिवाय काही नव्हतं. काका गळ्यातल्या होकायंत्राकडे बघत, मग आकाशाकडे, मग पुन्हा होकायंत्राकडे. बोटीवरच्या बाकीच्यांनी सँडविच खायला काढली. मला काकांच्या चेहऱ्याकडे बघवेना. इतकं आयुष्य तपासून घेतलेल्या माणसाला शेवटी आकाशाने नापास करावं, हे मला पटत नव्हतं.

तेवढ्यात काकूंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने लांब बोट केलं.

‘अहो, ते बघा. तेच ना?’

त्यांचं बोट दक्षिणेला होतं. क्षितिजाशी ढगांवर तोच पिवळसर उजेड. कप्तान काहीतरी सांगायला तोंड उघडत होता. मी त्याच्याकडे बघून नको म्हणून मान हलवली आणि तो सुकाणूकडे वळला. काकांनी त्या उजेडाकडे पाहिलं. जगात दुसऱ्या कुठल्या माणसाने त्या फेरीबंदराकडे सलग तासभर टक लावली नसेल. मग त्यांनी होकायंत्राकडे पाहिलं. काट्याचं उत्तर दाखवणारं हिरवं टोक अंधारात चमकत होतं आणि ते बरोबर उलट दिशेला होतं. मला वाटलं, आता बोलतात. त्यांनी होकायंत्र गळ्यातून काढलं, जॅकेटच्या आतल्या खिशात घातलं आणि चेन लावली.

‘हो,’ ते म्हणाले, ‘तेच ते.’ आणि जरा वेळाने म्हणाले, ‘छान आहेत.’

दोघं तिकडे बघत उभी राहिली. काकांनी बादली बाजूला ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी परतीच्या गाडीत काका खिडकीला डोकं टेकवून झोपले होते. काकूंनी डब्यातून तिखटमिठाच्या पुऱ्या काढल्या, दोन मला दिल्या आणि अगदी सहज विचारलं, ‘काल ते बंदरच होतं ना रे?’

मी पुरी तशीच हातात धरून बसलो. त्या हसल्या. बंदराचे दिवे ढगांवर कसे दिसतात हे त्यांना ठाऊक नसतं तर कुणाला असतं. ‘त्या रात्री मी बरोबर होते, तेव्हा हे नाही म्हणाले,’ काकू म्हणाल्या. ‘काल म्हटलं, मुद्दाम चुकीचं बोलून बघावं, काय म्हणतात ते. होकायंत्र खिशात घातलं ना ह्यांनी. मी बघितलं.’ बावीस वर्षं काकांनी त्यांना तपासलं होतं. त्यांनी एकदाच काकांना तपासलं. मग मलाही राहवलं नाही. शपथ मोडून मी फेब्रुवारीतली सगळी हकिगत सांगितली: हिरवं आकाश, भुवयांपर्यंत ओढलेली टोपी, तासभर फिरवलेली पाठ. काकूंनी उठून आपली शाल काकांच्या गुडघ्यांवर टाकली आणि नीट खोचली. ‘वेडे आहेत,’ म्हणाल्या आणि डोळे पुसले.

गेल्या शरद ऋतूत दोघं पुण्याला गेली. निघायच्या आदल्या दिवशी सगळ्या सामानासकट आम्ही विमानतळावर जाऊन परत आलो, हे वेगळं सांगायला नको. घर रिकामं करताना काकांनी मला कुकर, दोन खुर्च्या आणि ती निळी वही दिली. तिकडे आता तपासण्यासारखं काही उरलेलं नाही, म्हणाले. वर आता एक जोडपं राहतं, त्यांचा पायरव सुद्धा ऐकू येत नाही. मला मात्र सवय लागून राहिली आहे. परवा प्रबंधाच्या तोंडी परीक्षेच्या आदल्या दिवशी मी विद्यापीठातल्या रिकाम्या खोलीत जाऊन फळ्यासमोर उभा राहिलो, आणि मला कुणी प्रश्न विचारेना म्हणून फार एकटं वाटलं.

घरी येऊन मी वही उघडली. मार्चमधलं ते पान सापडायला वेळ लागला नाही. ‘काय’च्या रकान्यात ‘नॉर्दर्न लाइट्स, हिच्याबरोबर’ असं होतं. तपासणीच्या रकान्यात, त्यांच्या त्या सरळ, सुटसुटीत अक्षरात, ‘केली नाही’. आणि निकालाच्या रकान्यात ‘छान’.