उस्मानभाईंच्या सीटवरून दिसणारी बाई

उस्मानभाई गाडी सोडून कुठे जात नाहीत. रत्नागिरीकडचा हा माणूस सतरा वर्षं ओमानात ड्रायव्हर आहे. एरवी मस्कतजवळच्या रुसैलच्या कारखान्यात कामगारांची ने-आण, सुट्टीत कंपनीच्या पाहुण्यांना वाळवंट दाखवणं. पाहुणे उतरून भटकतात, हे स्टिअरिंगमागे बसून राहतात. "वहिनी, आत लोकांचे पासपोर्ट असतात. गाडी सोडून कसं चालेल?"

२०१४च्या डिसेंबरात त्यांची बायको सफूरा पहिल्यांदाच इथे आली. माझा नवरा प्रशांत आणि मी दुक्मला निघालो होतो, तिथल्या दगडांच्या बागेत. म्हटलं, तुम्ही दोघंही चला. सफूरा एका पायावर तयार, कारण तिच्यावर कामगिरी होती.

नऊ वर्षांपूर्वी उस्मानभाईंनी घरी फोन करून सांगितलं होतं, दुक्मला एक दगड आहे, हुबेहूब आपली आई सूप घेऊन पाखडायला बसल्यासारखा. त्यांची आई, जिला सून धरून सगळे वजीराचाची म्हणतात, तेव्हापासून रुसलेली. निघताना सुनेला म्हणाली, "दगडाला आई म्हणतो मेला! तू डोळ्यांनी बघून ये. थापा असतील तर मला सांग, मग बघते त्याला." सफूराचं परतीचं तिकीट मंगळवारचं होतं.

साडेपाचशे किलोमीटर, त्यात निम्मं सपाट पांढरं माळरान. आणि मग एकदम ते दगड! कुणी अळंब्यासारखा, कुणी उंटाच्या मानेसारखा, वाऱ्यानं खालून कुरतडलेले. मी हात लावून पाहिला तर बोटांना बारीक रेती लागली. इतका मोठा दगड, आणि रव्याच्या लाडवासारखा भुसभुशीत!

उस्मानभाई अर्थातच गाडीतच थांबले. खिडकीतून सांगितलं, "सरळ जा, डाव्या हाताला बसलीय."

आम्ही डाव्या हाताला गेलो, उजव्या हाताला गेलो. आई नाही, सूप नाही. तासभरानं सफूरा पाय आपटत परतली.

"नाय हाय वो कुठं! आता मी चाचीला काय सांगू?"

"ती काय, समोर!" उस्मानभाईंनी बोट दाखवलं.

सफूरानं खिडकीबाहेरून पाहिलं. "तो? तो तर फुटका माठ."

उस्मानभाईंचा चेहरा पडला. मी त्यांच्याकडे पाहत होते. ते सीटवर रेलून, मान किंचित तिरकी करून पाहत होते. मला शंका आली.

"उस्मानभाई, तुम्ही आत कितीदा गेलात?"

"आत? मी कशाला जातोय आत?"

"मग सफूरा, तू त्यांच्या जागेवर बस बघू."

ती चढून बसली, रेलली, मान तिरकी केली.

"या अल्ला," ती हळूच म्हणाली. "नाक पण तेच. कपाळाला आठी पण हाय." मग नवऱ्याकडे वळून, "नऊ वर्षं हितूनच बघत होतात? जवळ जाऊन सलाम पण नाय केलात?"

"गाडी..."

"गाडी मी बघते. जा!"

ते निघाले, दर दहा पावलांना मागे वळून बघत. सफूराशेजारी डोकं नेऊन मीही मान तिरकी केली. आम्हाला काचेतून दिसत होतं, सूप घेतलेल्या त्या बाईच्या गुडघ्याशी येऊन एक ठेंगणा माणूस थांबला. वर पाहिलं, भोवती फिरला, दगडावर तळवा ठेवला.

"अगो," तिथून ओरडले, "हितून काय पण दिसत नाय!"

"नसू दे!" सफूरानं खिडकीतून ओरडून सांगितलं. "मला दिसतंय. चाचीला सांगते मी, लेक पायाशी उभा होता."