कूलरचं तोंड

त्या उन्हाळ्यात मी कॉम्प्युटरला माणसाला मारावं तशी मारत होते. तो बंद पडला की तळहाताने टेबल बडवायची, माउस भिंतीवर आपटायची. एकदा तर हातातला स्टीलचा पेला असा भिरकावला की फळीवरची बरणी फुटली आणि लोणच्याचं तेल खोलीभर पसरलं. काचा वेचताना आईचा अंगठा कापला, आणि मला त्याचाही राग आला. राग माझ्या नाकावर लहानपणापासून आहे, पण त्या मे महिन्यात तो हाडात शिरला होता.

नवऱ्याचं घर सोडून मी कळमेश्वरहून नागपूरला माहेरी आले होते. सोबत कपड्यांची एक बॅग आणि हा कॉम्प्युटर, बस. सदरमधल्या एका छापखान्याकडून मला मराठी पुस्तकांची पानं लावायचं काम घरबसल्या मिळत होतं, आणि माझं माहेरी राहणं त्या कामावर टांगलेलं होतं. बाबांनी आल्या आल्याच सांगून टाकलं होतं, "काम बसलं तुझं, तं राह्य इथंच, कोणाची हिंमत नाही बोलाची. नाही बसलं, तं मंग समेट करून वापस जाचं. माह्यानं जलमभर लोकाइचं ऐकणं होत नाही."

काम बसणार कसं? फाइल उघडून दोनचार पानं लावली की स्क्रीन काळी. सूचना नाही, आवाज नाही, गळा दाबल्यासारखा सगळा कारभार बंद. थोडा वेळ थांबून बटण दाबलं की पुन्हा सुरू, आणि पुन्हा तेच. मी वायर बदलली, दुसऱ्या बोर्डात लावून पाहिली, शेजारणीचा स्टॅबिलायझर मागून आणला. शेवटी मशीन सुरू होताना सेटिंगचा निळा पडदा उघडतात, तो उघडून बसले. तिथे आतल्या प्रोसेसरचं तापमान दिसतं. काही काम नसताना, नुसतं बसल्या बसल्या तो आकडा माझ्या डोळ्यांदेखत चढत गेला आणि मशीन मेलं. म्हणजे आत काहीतरी जळत होतं, एवढं नक्की झालं.

कॉम्प्युटरचं कॅबिनेट मांडीवर घेऊन ऑटोने सीताबर्डीला गेले. दुकानदाराने बाजूचं झाकण ओढून पाहिलं, ते हलेना. झाकणाला मध्यभागी मोठा पोचा होता, त्यामुळे पत्रा खाचेत अडकून बसला होता. "ये तो तोडना पडेगा मॅडम," म्हणून त्याने मागच्या जाळीतूनच ब्लोअर मारला, थोडी धूळ उडवली, कान लावून पंख्याचा आवाज ऐकला आणि निकाल दिला. "पंखा तो घूम रहा है. गर्मी है नागपूर की. इसके सामने कूलर लगा दो."

नागपुरात कूलर लावल्याने बरं होत नाही असं काही असतं, हे कोणाला पटत नाही. बाबांनी घरातला एकुलता एक कूलर फरफटत आणला आणि त्याचं तोंड कॉम्प्युटरकडे केलं. त्या दिवसापासून आम्ही तिघं घामाने निथळत होतो आणि सगळी गार हवा माझ्या पायाशी ठेवलेल्या डब्याला. वाळ्याचा वास, ओलसर वारा, बोअरच्या खारट पाण्याची पांढरी भुकटी. चार दिवसांत कॅबिनेटच्या स्क्रूंना गंज चढला, आणि मशीन पूर्वीसारखंच बंद पडत राहिलं. आई ओल्या टॉवेलने मान पुसत पोळ्या लाटायची. माझ्यामुळे सगळं घर भाजून निघतंय, हे कोणी बोलत नव्हतं, पण मला प्रत्येक श्वासात ऐकू यायचं.

तो पोचा मात्र घरात गमतीचा विषय झाला होता. कोणी आलं की बाबा दाखवायचे. "आमचे जवाई जरा तापट. मशीनले लाथ मारली! मशीनलेच मारली ना पण, पोरीले तं नाही." आणि स्वतःच हसायचे. मी दात आवळून पुढचं पान लावायला घ्यायची. बापासमोर बसून ते सगळं सांगायला माझी जीभ उचलत नव्हती.

अशात एका दुपारी नवरा आला. समेट करायला. सकाळीच फोन आला होता, त्यामुळे आई त्या आगीत चुलीपुढे उभी राहून सांबारवडी, म्हणजे आमची कोथिंबिरीची वडी, तळत होती. आमच्याकडे उन्हाळ्यात जावई आला की पहिलं काम कूलरचं तोंड त्याच्याकडे करायचं, पाणी विचारायचं ते त्यानंतर. बाबांनी तेच केलं. मी कोपऱ्यात पुस्तकाची शेवटची पानं लावत होते, संध्याकाळपर्यंत छापखान्याला द्यायची होती. कूलर वळला आणि थोड्याच वेळात स्क्रीन काळी झाली. नुकतीच लावलेली पानं गेली.

"पुन्हा बंद पडला का वं?" बाबांनी विचारलं. त्यांच्या आवाजात जरा सुटका झाल्यासारखं होतं, ते मला आजही विसरता येत नाही. "जाऊ दे बाई आता. नशिबातच नाही तं काय करतं? सामान भर."

"ते डबडं राहू द्या इथंच, मामाजी," नवरा पन्ह्याचा घोट घेत म्हणाला. शर्टाची वरची बटणं उघडून छातीवर वारा घेत होता. "घरी गेल्यावर नवीन घेऊ."

"पाह्य, किती समजदार माणूस हाय," बाबा म्हणाले.

माझं डोकं फिरलं. मी कॅबिनेट ओढत खोलीच्या मधोमध आणलं, आडवं पाडलं, त्यावर गुडघा रोवला आणि पक्कडीने ते झाकण ओरबाडायला लागले. बाबा ओरडत होते, "अवं, काय करून राहिली तू?" पत्रा किंचाळत निघाला. माझ्या तर्जनीची कातडी सोलली गेली, रक्त पत्र्यावर ठिबकलं. मला आत काहीही सापडलं नसतं तरी त्या दिवशी मी तो डबा फोडलाच असता.

पण सापडलं. प्रोसेसरवर ॲल्युमिनियमचा एक ठोकळा असतो, त्याच्यावर पंखा. चार प्लॅस्टिकचे पाय तो ठोकळा खालच्या चिपवर दाबून धरतात, म्हणजे चिपची उष्णता ठोकळ्यात येते आणि पंखा ती उडवतो. मी बोट लावलं तर ठोकळा डुगडुगला. एक पाय तुटलेला होता. बरोबर पोचा होता त्याच्या समोरचा. ठोकळा एका बाजूने उचलला गेला होता. पंखा इमानदारीने एका गार धातूवर वारा घालत होता आणि खाली चिप एकटी जळत होती. तुटलेला पाय कॅबिनेटच्या तळाशी पडला होता. मी तो उचलला आणि बाबांच्या पुढ्यात वडीच्या ताटलीत ठेवला.

"हे काय होय?"

"जवायाची लाथ."

नवरा हसला. "एक लाथ मारली मशीनले तं काय झालं? गुस्सा येते माणसाले."

"मशीनलेच तं..." बाबा सवयीने म्हणायला लागले.

"बाबा, मी खाली बसून वायर लावून राहिली होती," मी म्हणाले. "लाथ माह्या कमरीत बसणार होती. मी सरकली, म्हणून ह्याले लागली. त्याच्या आधीच्या लाथाइच्या मधात काही नव्हतं."

कूलर घरघरत राहिला. आईच्या हातातला झारा खाली आला. नवऱ्याने पेला ठेवला नाही, फेकला. "खोटं बोलून राहिली!" म्हणत तो उठला आणि त्याने उघड्या मशीनवर पाय उगारला. मी आडवी झाले. लाथ माझ्या कोपराखाली बसली. तो आवाज त्या खोलीत पहिल्यांदाच सगळ्यांनी ऐकला.

बाबांनी आयुष्यात कुत्र्यावरसुद्धा हात उचलला नव्हता. त्यांनी त्याची कॉलर धरली आणि त्याचं डोकं दाराच्या चौकटीवर असं आपटलं की वरची तसबीर खाली आली. मग मारत सुटले. तोंडात, पाठीत, जिथे लागेल तिथे, आणि प्रत्येक फटक्याला स्वतःच कण्हत होते. आईने दार उघडलं. बाहेरची लू भट्टीसारखी आत घुसली. बाबांनी त्याला अंगणातल्या तापल्या फरशीवर ढकललं, आणि तो अनवाणी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचायला लागला. आईने त्याची एक चप्पल बाहेर फेकली. दुसरी दिली नाही. मला खूप बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दार लावल्यावर बाबा खुर्चीत बसले. हाताची बोटं सुजली होती. माझ्याकडे न पाहता म्हणाले, "सुरू होईल का वं ते?"

मी ठोकळा काढून पुसला. चिप आणि ठोकळ्याच्या मधे लावायची पेस्ट मागेच आणून ठेवली होती, ती चिपवर लावली, तीन पाय बसवले आणि चौथ्याच्या भोकातून तार ओवून पक्कडीने घट्ट पीळ दिला. मशीन सुरू केलं, निळा पडदा उघडला. आकडा थोडा चढला आणि थांबला. मी बराच वेळ बघत राहिले, तो हलला नाही.

मागे फरफटल्याचा आवाज आला. बाबा सुजल्या हातांनी कूलर ओढत होते.

"बाबा, मशीनकडे नका करू. पाणी जाते त्याच्यात."

"मशीनकडे कोण करून राहिलं," ते म्हणाले, आणि त्यांनी कूलरचं तोंड माझ्याकडे केलं.

पाठीवरचा घाम गार पडायला लागला. तेव्हा कुठे माझा हात दुखायला लागला.