संगणकाच्या नावाने दिलेलं उत्तर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आत्ता सांगतानाही दार लावून बसलोय — इतक्या वर्षांनी आता कसली भीती, असं तुम्ही म्हणाल.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. इस्लामपुरातल्या ज्या वाचनालयात मी ग्रंथपाल होतो, तिथे संगणक आला. वाचकाने चिठ्ठीवर प्रश्न द्यायचा, मी तो ई-मेलने पुण्याच्या मोठ्या ग्रंथालयाला पाठवायचा, दोन दिवसांत उत्तर. सांगलीच्या प्रशिक्षणात शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं — वाचक आधी विचारतो तो त्याचा खरा प्रश्न नसतो, उलट प्रश्न विचारा, त्याला नेमकं काय हवंय ते काढून घ्या. मी वहीत उतरवूनही घेतलं होतं.

पण टाइप करून छापण्यापलीकडे मला काही येत नव्हतं. प्रशिक्षणाच्या कागदावर मात्र संगणक येतो म्हणून सही ठोकली होती. एखादी कळ चुकली तर? बिंग फुटून नोकरी गेली तर? मग मी काय करायचो — जुन्या पुस्तकांतून उत्तर शोधायचो, छापायचो, आणि पुण्याहून आलं म्हणून द्यायचो. लोक तो कागद कपाळाला लावायचे. मी नजर खाली घालून पुढची चिठ्ठी उचलायचो.

हौसाबाई जवळच्याच खेड्यातल्या, बाजाराला भाजी घेऊन येणाऱ्या. आटपाडीला दिलेली लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. कुणाकडून तरी लिहून आणलेली चिठ्ठी त्यांनी दिली — गरोदर बाईने गोळ्या घ्याव्यात का? कोणत्या गोळ्या, कशावरच्या — मी विचारलंच नाही. विचारलं असतं तर नेमकं उत्तर जुन्या पुस्तकांत मिळालं नसतं, प्रश्न खरोखर पाठवावा लागला असता ना? आरोग्याच्या एका जुन्या पुस्तकात ओळ सापडली, शक्यतो औषधे टाळावीत. ‘शक्यतो’ मी गाळला. कागद ठाम दिसावा म्हणून.

उत्तर घेऊन गेलेला माणूस परत दिसला की मला धडकी भरायची. महिन्याने त्या आल्या तेव्हा मी कपाटाआड सरकलो, पण त्यांनी पाहिलं.

“आवं सर, पोरीला फिट येत हुत्या. त्याच्याच गोळ्या हुत्या. बंद केल्या आन् अंगणात पडली. बाळ पोटातच ग्येलं.” मग मलाच म्हणाल्या, “तुमी कशाला घाबरताय? कम्प्युटरनं सांगितलं, आमी ऐकलं. आता गोळ्या परत सुरू करू का, तेवढं इचारा की त्याला.”

संगणक बिघडलाय, म्हणालो, लेकीला आजच्या आज डॉक्टरांकडे न्या.

“बिघडलाय व्हय?” त्यांनी संगणकाकडे पाहिलं. “तवा तर नीट हुता न्हवं?”

वाचनालयात दुसरं कुणी नव्हतं. त्या रागावलेल्याही नव्हत्या. खरं बोलायला आणखी काय हवं होतं?

“हो,” मी म्हणालो, “तेव्हा नीट होता.”

त्यांनी मान हलवली आणि पायऱ्या उतरल्या. त्यांचा प्रश्न पुण्याला कधी गेलाच नव्हता. तो कागद मी लिहिला होता.