गुंडाळेरावांची न उतरणारी बॅटरी

गुंडाळेराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. जळके पंखे नि पंपाच्या मोटारी खोलायच्या आणि त्यांत नवी तांब्याची तार गुंडाळायची, हा धंदा. म्हणून सगळी गल्ली त्यांना गुंडाळेराव म्हणे. माणूस हाताचा पक्का. त्यांनी दुरुस्त केलेला पंखा परत दुकानाची पायरी चढायचा नाही. इतकं छान चाललेलं असताना फुकटच्या विजेचं खूळ डोक्यात घ्यायची काही गरज होती का? नव्हती. पण घेतलं!

"अगं, कॉइलची वीज झटकन तोडली ना, की ती उलटा दणका देते," ते बायकोला समजवायचे. "तो दणका कपॅसिटरमध्ये पकडायचा आणि परत बॅटरीत ढकलायचा. चालू-बंद, चालू-बंद, डोळा लवायच्या आत! दिवाही जळतो आणि बॅटरीही उतरत नाही."

बायको घरी शाळेचे गणवेश शिवायची. मशीन न थांबवताच ती म्हणायची, "उतरत नाही, तर काल तोंड पाडून का बसला होतात?"

बॅटरी उतरायचीच हो, न उतरून सांगते कुणाला! पण पंचाईत अशी, की बॅटरीबरोबर गुंडाळेरावही उतरायचे. ताट पुढ्यात आलं की नुसतं चिवडायचे आणि उठून जायचे. सासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीतून नुसत्या बघत राहायच्या, आणि बायकोला ते बघवेना. शेवटी एका दुपारी ते घोरत असताना तिने हळूच मागच्या खोलीत जाऊन बॅटरीला चार्जर लावला. लाल चिमटा लालला, काळा काळ्याला. संध्याकाळी मीटरवर बॅटरी भरलेली दिसली, आणि राव जेवताना मागून मागून घ्यायला लागले. मग काय, तिचा तो नेमच झाला.

राव तर हवेतच. संध्याकाळी त्यांचं यंत्र चर्रर्र करून सुरू झालं, की शेजारच्यांचा रेडिओ खरखरायचा. शेजारी भिंतीवर धपाधप बुक्के मारायचा. "बघ, बघ," राव म्हणायचे, "ऊर्जा भिंतीपलीकडे पोचली!"

पुढे बॅटरी फुगली. चांगलं पोट सुटलं तिला. पंख्याच्या धंद्यातल्या कुणीही ती उचलून भंगारात टाकली असती. राव तिच्यावरून मायेने हात फिरवत म्हणाले, "मावत नाहीये गं! इतकी तयार होतेय, की आत मावत नाहीये!"

बायकोने कपाळाला हात लावला. आपलाच चार्जर जास्त वेळ राहतोय, असं वाटून तिने तो लवकर काढायला सुरुवात केली. तरी मेली फुगतच होती.

आणि एका सकाळी दारात वायरमन उभा. हातात पक्कड.

"कनेक्शन कायमचं काढायला सांगितलंय," तो म्हणाला.

"काढा, बिनधास्त काढा," आतून राव हसत हसत आले. "आता आमची वीज घरची."

बायको हातातली शिवण टाकून धावत आली. शाळा उघडायला आलेली, गणवेशांचा ढीग पडलेला, आणि मशीन तर मोटरवर चालणारं. गप्प बसावं तर घरात अंधार. बोलावं तर या माणसाची अन्नावरची वासना पुन्हा उडणार. वायरमन मीटरखाली स्टूल ओढून वर चढला.

"थांबा हो!" ती ओरडली. "अहो, बॅटरी मी भरते. रोज दुपारी, तुम्ही झोपलात की. चार्जर लावून."

रावांचा चेहरा पांढराफटक पडला. वायरमन स्टुलावर तसाच उभा. तिला वाटलं, जीभ का झडली नाही आपली!

पण राव एकदम ताठ झाले. "खोटं! तू बहिणीकडे राहायला गेली होतीस, तेव्हा कोण होतं भरायला? तेव्हाही भरलेली होती. मी स्वतः मोजलीय!"

आता बायको चक्रावली. खरंच की! तेव्हा कुणी भरली? तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. या वेड्याने खरोखरच करून दाखवलं की काय? तिने नवऱ्याकडे पाहिलं, आणि लग्नानंतर इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच तिला त्याचा अभिमान वाटला.

कोपऱ्यातल्या खुर्चीत सासूबाई खाकरल्या.

"मी लावत होते रे," त्या पदराशी चाळा करत म्हणाल्या. "तेव्हाही आणि एरवीही. तू सकाळी दुकानात गेलास, की. बॅटरी भरली की जेवतोस ना नीट."

सासू-सुना एकमेकींकडे बघतच राहिल्या. मेली का फुगत होती, ते आत्ता कळलं.

राव मटकन खाली बसले. एकदा आईकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. डोळे भरून आले होते त्यांचे, पण ते काही त्यांनी पुसले नाहीत.

"काय ते ठरवा लवकर," स्टुलावरून वायरमन म्हणाला. "काढू का नको?"

"राहू दे," गुंडाळेराव म्हणाले. "बॅटरी कशावर भरतील या दोघी?"